बारशाला पाळणा, उष्टावणाला बाबागाडी

गेल्या पंधरवड्यात चिपळूणहून एका वाचक आजींचे पत्र आले. त्यांची मुलगी गिरगावात एका जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. पहिले बाळंतपण माहेरी झाले. बाळ आता अडीच महिन्यांचे आहे आणि मायलेकरे येत्या काही दिवसांत मुंबईला निघायची आहेत. जावईबापूंनी छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी घ्यायचे ठरवले आहे. आजी लिहितात, "आम्ही चार मुले कडेवर वाढवली. हे गाडीचे फॅड कशाला? आणि घ्यायचीच असेल तर कोणती घ्यावी, म्हणजे बाळाला अपाय होणार नाही?"

परळ-लालबाग भागात माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. तेथे येणाऱ्या कित्येक घरांची मुळे आपल्याच जिल्ह्यात आहेत. बाळंतपण गावी आणि संसार मुंबईत, असा त्यांचा रिवाज. मुंबईच्या नातवंडाला काय आहेर करायचा हे पुष्कळदा गावच्या ओटीवर ठरते. म्हणून या पत्राचे उत्तर सर्वांसाठीच देत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. हलकी बाबागाडी हे फॅड नाही. शहरातल्या आईला तिचा मोठा आधार होतो. मात्र ती बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर घ्यावी. बारशाला या गाडीचा आहेर करू नये, उष्टावणाला करावा. असे का, ते आता पाहू.

दहा आठवड्यांचे बाळ

काही वर्षांपूर्वी एक तरुण जोडपे दादरच्या बाजारातली खरेदी आटोपून संध्याकाळी दवाखान्यात आले. बाळाला दहाव्या आठवड्याची लस टोचायची होती. बाळ नव्याकोऱ्या गाडीत होते. "स्वारी तासभर गाढ झोपली आहे," असे वडील कौतुकाने म्हणाले. मी वाकून पाहिले. बाळ आसनात घसरून खाली आले होते. पाठीची कमान झाली होती आणि हनुवटी छातीला टेकली होती. श्वासाबरोबर घुरघुर आवाज येत होता. ओठांवर निळसर छटा होती.

बाळाला चटकन उचलून टेबलावर उताणे ठेवले आणि मान सरळ केली. मिनिटाभरात ओठ गुलाबी झाले आणि त्याने टाहो फोडला. तो टाहो ऐकून मला किती बरे वाटले ते सांगता येत नाही. खात्रीसाठी बाळाला रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी ते हसतखेळत घरी गेले.

गाडीत काही दोष नव्हता आणि आईबापांचा निष्काळजीपणाही नव्हता. ती गाडी दीड वर्षाच्या मुलासाठी उत्तम होती. दहा आठवड्यांच्या बाळासाठी ती बनवलेलीच नव्हती, एवढेच. ही गोष्ट दुकानात त्यांना कोणी सांगितली नाही आणि त्यांनीही विचारली नाही.

मान आणि श्वास

जन्मतः बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या जवळजवळ पाव हिस्सा असते. मोठ्या माणसात ते आठवा हिस्सा असते. एवढे जड डोके पेलायला बाळाच्या मानेचे स्नायू अजून तयार नसतात. श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते. बाळ अर्धवट बसत्या अवस्थेत झोपले की डोके पुढे कलंडते, हनुवटी छातीला लागते आणि नळी दुमडावी तशी हवेची वाट अडते. मोठा माणूस अशा वेळी दचकून जागा होतो, मान उचलतो. तान्ह्याला ते जमेलच असे नाही. सर्वांत वाईट म्हणजे या प्रकारात आवाज फारसा होत नाही. बाळ शांत झोपले आहे असेच वाटते.

म्हणून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते की, बाबागाडी, मोटारीतील बाळाचे आसन, झुला अशा बसत्या साधनांत बाळाला नेहमीची झोप देऊ नये. चार महिन्यांखालील बाळाला तर यात विशेष धोका असतो. युरोपात बाबागाड्यांसाठी जे मानक आहे, त्यानुसार पाठ आणि बैठक यांमधला कोन १५० अंशांपेक्षा कमी असलेले आसन सहा महिन्यांखालील बाळासाठी चालत नाही. खुर्चीत ताठ बसल्यावर हा कोन ९० अंशांचा होतो आणि पूर्ण आडवे झाल्यावर १८० अंशांचा. छत्रीसारख्या मिटणाऱ्या बहुतेक हलक्या गाड्यांची पाठ एवढी मागे जातच नाही. शिवाय त्यांचे आसन कापडी झोळीसारखे असते. बाळ त्यात गोळा होऊन बसते.

उशी लावून किंवा पट्टे आवळून हा दोष जात नाही. उशीने डोके उलट आणखी पुढे ढकलले जाते.

साधारण चौथ्या महिन्यात बाळ मान धरते, सहाव्याच्या सुमारास आधाराने बसू लागते आणि आठव्याच्या सुमारास विनाआधार बसते. वरचे अन्न सुरू करण्याची वेळही सहा महिन्यांचीच. आपल्या वाडवडिलांनी उष्टावण त्याच सुमारास ठेवले, ते बाळ बसू लागते हे पाहूनच ठेवले असावे. मात्र अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे महिने जन्मतारखेपासून मोजू नयेत. ते बाळ दोन महिने आधी जन्मले असेल तर दोन महिने वजा करूनच हिशेब करावा.

तोपर्यंत काय?

तोपर्यंत आजींचीच पद्धत बरी. मांडी, खांदा आणि दुपटे. जवळ घेतल्याने बाळ 'हाताळू' होते, त्याला सवय लागते, असे तरुण आईबाप मला सांगतात. ही समजूत चुकीची आहे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला जितके जवळ घ्याल तितके चांगले.

बाजारात हल्ली बाळाला छातीशी बांधायचे कापडी पट्टे मिळतात. चाळीचे जिने चढताना दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून ते सोयीचे असतात. बांधताना चार गोष्टी पाहाव्यात. बाळाचे तोंड तुम्हाला सतत दिसले पाहिजे. त्याची हनुवटी आणि छाती यांत दोन बोटे मावली पाहिजेत. नाकातोंडावर कापड येता कामा नये. आणि मांड्या फाकलेल्या, गुडघे थोडे वर असे पाय राहिले पाहिजेत, म्हणजे खुब्याचे सांधे नीट वाढतात. बाळ बांधून स्वयंपाक करू नये, दुचाकीवर तर मुळीच बसू नये.

आजींनाही एक सूचना. साडीच्या झोळीतही तान्ह्याची मान गाडीतल्यासारखीच दुमडते. सपाट आणि घट्ट गादीचा पाळणा, त्यात बाळ उताणे, ही झोपेची सर्वांत सुरक्षित जागा. बारशाला आहेर करायचा तर पाळण्याचा करावा.

एखाद्या घरी सहा महिन्यांच्या आत गाडीची खरोखरच गरज असेल, उदाहरणार्थ आईची पाठ दुखते किंवा जुळी मुले आहेत, तर पूर्ण सपाट होणारीच गाडी घ्यावी. ती जड असते, पण त्याला इलाज नाही.

आईचा जिना

आता हलक्या गाडीच्या बाजूने बोलतो. पूर्वीच्या बाबागाड्या म्हणजे चाके लावलेले लोखंडी पाळणेच. साहेबाच्या बंगल्यात त्या शोभत. १९६५ साली ओवेन मॅक्लॅरेन या ब्रिटिश विमान-अभियंत्याने अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी तयार केली. स्पिटफायर लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्याने पूर्वी काम केले होते. त्याच्या गाडीचे वजन होते अवघे पावणेतीन किलो. बाळाला घेऊन बस आणि आगगाडीने फिरणाऱ्या आयांची त्यामुळे मोठी सोय झाली.

गिरगाव-परळच्या आईला या हलकेपणाची गरज आणखी जास्त आहे. नायगावच्या आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. तेथील खोली १६० चौरस फुटांची. गिरगावच्या कित्येक चाळींचे लाकडी जिने इतके उभे की रिकाम्या हातांनी चढतानाही कठड्याला धरावे लागते. सहा महिन्यांचे बाळ सुमारे सात किलोचे, गाडी बारा किलोची आणि पिशवी दोन किलोची, म्हणजे एकवीस किलो झाले. हीच गाडी सहा किलोची असेल तर भार पंधरावर येतो. सिझेरियन झालेल्या बाईने पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, असे आम्ही सांगतो. पुढेही पोटाचे आणि पाठीचे स्नायू सावरायला महिने लागतात. तेव्हा गाडीचे वजन हा आईच्या प्रकृतीचा प्रश्न आहे.

बाळासह गाडी उचलून जिना चढणे मात्र टाळावे. आधी बाळ वर, मग गाडी. मदतीला कोणी नसेल तर गाडी खालीच एखाद्या दुकानदाराकडे ठेवावी. गाडी सामाईक गॅलरीत उघडी ठेवू नये. आग लागली तर तीच पळण्याची वाट असते. मिटून दाराच्या मागे टांगता येईल अशी गाडी चाळीत खरी कामाची.

दुकानात काय पाहावे?

किंमत आणि चित्रे शेवटी पाहावीत. आधी गाडी स्वतः उचलून पाहावी, एका हाताने. आईनेच उचलावी, कारण रोज तिलाच उचलायची आहे.

पट्टे पाच ठिकाणी हवेत. दोन खांद्यांवर, दोन कमरेला आणि एक पायांमधून. नुसत्या कमरपट्ट्यातून बाळ खाली घसरते किंवा उभे राहून पडते. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात बाबागाड्या आणि बाळाला नेण्याची इतर साधने यांच्या अपघातांमुळे पाच वर्षांपर्यंतच्या सुमारे ३ लाख ६१ हजार मुलांना तातडीच्या उपचारांसाठी न्यावे लागले. गाडीच्या अपघातांत सर्वाधिक प्रमाण पडण्याचे होते आणि त्याखालोखाल गाडी उलटण्याचे. उलटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दांड्याला अडकवलेल्या भाजीच्या पिशव्या. हलकी गाडी बाळ उचलताच मागे कलंडते. पिशवी आसनाखालच्या जाळीत ठेवावी.

ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना लागला पाहिजे. दुकानात गाडी उघडून, ब्रेक लावून ढकलून पाहावी. उघडल्यावर कुलूप 'खट्ट' आवाज करून बसते की नाही, तेही पाहावे. मिटण्याच्या सांध्यात बोट जाईल अशी फट असेल तर ती झाकलेली हवी. २००९ साली अमेरिकेत मॅक्लॅरेन कंपनीच्याच सुमारे १० लाख गाड्यांना सांध्यावर झाकणे बसवावी लागली. बारा मुलांच्या बोटांची टोके त्यात तुटली होती. गाडी उघडताना आणि मिटताना मूल हाताच्या अंतरावर नसावे, हा नियम कोणत्याही कंपनीच्या गाडीला लागू आहे.

चाके फार लहान नसावीत. आपल्या रस्त्यांवर पेल्याएवढे चाक पहिल्याच खड्ड्यात अडते आणि गाडी पुढे कोसळते. धक्क्यांनी मेंदूला इजा होईल अशी भीती बाळगू नये, पण खडबडीत रस्त्यावर बाळाला कडेवर घ्यावे हे उत्तम.

शेवटची गोष्ट, बाळाचे तोंड कोणीकडे? बहुतेक हलक्या गाड्यांत ते पुढे, रस्त्याकडे असते. ब्रिटनमधील डंडी विद्यापीठाच्या डॉ. सुझान झीडिक यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसले की, बाळ पाठमोरे असले की आईबाप त्याच्याशी कमी बोलतात. तोंड आपल्याकडे वळवता येणारी हलकी गाडी मिळाली तर छान. नाही तर मधून मधून थांबावे, पुढे यावे, बाळाशी दोन शब्द बोलावे. त्याच वेळी त्याची मान आणि रंगही पाहून होतो.

ऊन, धूर आणि गर्दी

ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटे टाकण्याची सवय सर्वत्र दिसते. ती मोडावी. स्टॉकहोमच्या एका दैनिकाने २०१४ साली प्रयोग केला. गाडीतले तापमान २२ अंश होते. पातळ कापड टाकल्यावर ते अर्ध्या तासात ३४ अंशांवर आणि तासाभरात ३७ अंशांवर गेले. हे स्वीडनच्या उन्हात, मग आपल्या मे महिन्याचे काय सांगावे? गाडीला छत असावे, बाजूंनी वारा खेळावा. पावसाळी प्लास्टिकला भोके असावीत आणि पाऊस थांबताच ते काढावे.

दुसरा प्रश्न धुराचा. गाडीतल्या बाळाचे नाक जमिनीपासून ५५ ते ८५ सेंटिमीटरवर असते, म्हणजे वाहनांच्या धुराच्या जवळ. ब्रिटनमधील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले की, गाडीतले मूल मोठ्या माणसापेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषण झेलू शकते. लालबागच्या पुलाखाली सिग्नलला बसमागे गाडी घेऊन उभे राहणे म्हणजे बाळाला धुराडे दाखवणे. शक्यतो आतले रस्ते धरावेत. खोताच्या वाडीची गल्ली, हिंदू कॉलनीतले रस्ते, माटुंग्याचे फाइव्ह गार्डन्स या जागा सकाळी फिरायला चांगल्या. शिवाजी पार्कात मैदानातली लाल धूळ उडत असेल तर बाहेरच्या फुटपाथने जावे.

लोकलच्या फलाटावर गाडी मिटावी आणि बाळ कडेवर घ्यावे. ऑक्टोबर २००९ मध्ये मेलबर्नच्या एका स्थानकावर आईने क्षणभर हात सोडला आणि गाडी सहा महिन्यांच्या बाळासह घरंगळत रुळांवर, येणाऱ्या आगगाडीसमोर पडली. बाळ वाचले, हा केवळ चमत्कार. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये आणि गणपतीत लालबागला तर गाडी नेऊच नये. गर्दीत लोकांना खालची गाडी दिसत नाही, ढोलताशांचा आवाज बाळाच्या कानांना सोसवत नाही. तान्ह्याला घेऊन दर्शनाच्या रांगेत उभे राहण्याची बाप्पाची अपेक्षा नसते.

आणि बाळ गाडीत झोपले, तर घरी येताच त्याला उचलून सपाट गादीवर उताणे निजवावे. 'उचलले तर उठेल' म्हणून गाडी तशीच गॅलरीत उभी करून दुपारभर ठेवू नये. उठले तर उठू द्यावे.

रस्ता कोणाचा?

इतके सांगून झाल्यावर एक गोष्ट मनात राहते. मी गाडी कशी निवडावी ते सांगितले, पण ती चालवायची कुठे? फुटपाथवर फरशा उखडलेल्या, मध्ये खांब, कडेला दुचाक्या, चढायला वीतभर उंच कडा. मग आई रस्त्यावर उतरते आणि बाळ सर्वांच्या पुढे, वाहनांच्या तोंडाशी. हे चित्र मुंबईचेच आहे असे नाही. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी बसस्थानकापासून बाजारपेठेपर्यंत बाबागाडी ढकलून पाहा, म्हणजे कळेल. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा सार्वजनिक जागी उतार आणि सुगम वाट मागतो. व्हीलचेअरसाठी केलेला प्रत्येक उतार बाबागाडीलाही उपयोगी पडतो आणि काठी टेकणाऱ्या आजोबांनाही. पुढच्या खेपेला नगरसेवक मत मागायला आले की गटाराबरोबर फुटपाथच्या उताराचेही विचारावे.

तर आजी, आपले दोन्ही प्रश्न रास्त होते. जावईबापूंना सांगा, गाडी जरूर घ्या, पण साडेतीन महिने थांबा. तोपर्यंत बाळ कडेवर, झोप पाळण्यात. उष्टावणाला मुंबईला जाल तेव्हा मुलीला घेऊन दुकानात जा, गाडी तिला एका हाताने उचलायला लावा, पाच पट्टे मोजा, ब्रेक दाबून पाहा. मग नातवंडाला गाडीत बसवून चौपाटीवर न्या. मान ताठ धरून ते समुद्र पाहील आणि त्या मजेत आपल्यालाही वाटा मिळेल.